'नवरा माझा नवसाचा २': नऊ माणसं, एक हॉल, एक टीव्ही. चालेल का?

डोंबिवलीची_थोरली

भाऊबीजेला आमच्याकडे नऊ माणसं जमणार. जेवणं झाली की हॉलमध्ये सतरंज्या टाकून सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघायचा, ही सासऱ्यांनी पाडलेली जुनी पद्धत. यंदा सिनेमा निवडायचं काम माझ्या गळ्यात आलंय. गेल्या वर्षी दिराने निवडला होता आणि पंचविसाव्या मिनिटाला सासरे म्हणाले, "जरा बातम्या लाव रे."

आमच्या घरात "बातम्या लाव" म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. सासूबाईंना एकदम ओटा पुसायचा राहिलाय हे आठवलं. जाऊ पाणी आणायला उठली ती परत आलीच नाही. आणि माझा चौदा वर्षांचा मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला, कानाच्या पाळ्या लालबुंद.

यंदा 'नवरा माझा नवसाचा २' डोक्यात आहे. पहिला आम्ही लग्नानंतर सहा महिन्यांनी थेटरात पाहिला होता, सासू-सासऱ्यांसकट. सासूबाई हसून हसून पदराने डोळे पुसत होत्या. पण परवा भांडी घासताना ट्यूब पेटली की त्या सिनेमाचा सगळा डोलारा उभा कशावर आहे? बापाने केलेला नवस फेडायचा म्हणून चांगल्या बाप्या माणसाला नागडा गणपतीपुळ्याला न्यायचा! आज कुणी मला एवढंच सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, पोरांसमोर नको गं बाई. तेव्हा मात्र कुणालाच काही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या भागांचा माझा अनुभव असा की पहिल्यात जे चिमूटभर असतं ते दुसऱ्यात मूठभर घालतात. म्हणून विचारते. प्रेक्षक: सासरे ७९, सासूबाई ७३, दीर-जाऊ, नणंद, आम्ही दोघं, मुलगा १४, मुलगी ८. कुणी पाहिलाय का? गोष्ट सांगू नका, फक्त "बातम्या लाव" होईल का तेवढं सांगा.

चहाबाज

बिनधास्त लावा. २०२४ च्या सप्टेंबरात आला तेव्हा आईला घेऊन गेलो होतो. एसटीच्या जागी कोकण रेल्वे, आणि पहिल्यातले कंडक्टर अशोक सराफ यात टीसी. जावई स्वप्नील जोशी, मुलगी हेमल इंगळे. आईशेजारी बसून अवघडल्यासारखं झालं असं काही आठवत नाही. पहिल्याची सर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण तुमचा प्रश्न तो नाहीये.

कागदी_घोडा

सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर सर्टिफिकेट येतं ना, ते आपण चिप्सचं पाकीट फोडण्यात घालवतो. ते वाचत जा. १९८३ पर्यंत सर्वसाधारण सिनेमांना यू किंवा ए एवढेच दोन पर्याय होते, मग मधला 'यूए' आला. २०२३ च्या कायदादुरुस्तीने त्या यूएचे तीन तुकडे केले, ७+, १३+ आणि १६+. हे तिन्ही आईबापांना दिलेले सल्ले आहेत. थेटरच्या दारात अडवतात ते फक्त 'ए'ला.

आणखी एक. ओटीटीवर जो वयाचा शिक्का दिसतो तो सेन्सॉर बोर्डाचा नसतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे ती कंपनी आपली आपणच वर्गवारी करते, आणि सोबत शिवीगाळ, मारामारी वगैरे काय आहे ते एका ओळीत लिहिते. ती ओळ आकड्यापेक्षा जास्त कामाची. १३+ आणि त्यापुढच्या मजकुराला पालकांसाठी कुलूप ठेवणंही त्यांना बंधनकारक आहे. टीव्हीवर कापून दाखवलेला सिनेमा "पाहिलाय की, स्वच्छ आहे" म्हणून ओटीटीवर लावाल तर फसाल.

डोंबिवलीची_थोरली

@कागदी_घोडा, माहिती छान, पण माझी अडचण निराळी आहे हो. दिराने गेल्या वर्षी हाच आकडा बघून निवडला होता. बोर्डाला आठ वर्षांची मुलगी ठाऊक असेल, माझे सासरे ठाऊक नाहीत.

मधलं_पान

सासऱ्यांचं सोडा, मी माझी फजिती सांगते.

'मुंबई-पुणे-मुंबई'चे पहिले दोन भाग आमच्या घरी पाठ आहेत. पहिल्यात दोघंच बोलत फिरतात, दुसऱ्यात (२०१५) दोन्हीकडची घरं येतात, लग्न ठरतं. एकत्र बघायला याहून साधं काही नाही. म्हणून २०१८ चा तिसरा आला तो मी डोळे झाकून लावला. गौरीच्या दुसऱ्या दिवशी, सगळे जमलेले. आता तिसरा भाग आहे बाळाच्या चाहुलीवर. एक वावगा शब्द नाही, एक वावगं दृश्य नाही. पण माझ्या धाकट्या जावेच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि डॉक्टरकडे खेपा चालू होत्या. ती बिचारी शेवटपर्यंत बसली. हसण्याच्या जागी हसली पण. मधेच आमच्या चुलत सासूबाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, "बघ, त्यांचं पण झालं."

त्यानंतर मी कुणालाही "फॅमिलीसोबत चालेल का" याचं उत्तर देत नाही. कुणाची फॅमिली, ते आधी विचारते.

चहाबाज

बाप रे.

पानगळ

मधलं_पान, वाचून पोटात कालवलं.

रत्नांग्रीकर

अवांतर: सिनेमा बघून उद्या कुणी कोकण रेल्वेने थेट गणपतीपुळ्याला उतरायला निघेल म्हणून सांगून ठेवतो, गाडी तिथे जात नाय. रत्नागिरीला उतरायचं आणि पुढे एसटी किंवा रिक्षा. म्हणजे नवस कुठल्याही भागातला असो, शेवटी लाल डब्याला पर्याय नाय. आणि त्याआधी कर्बुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. नागड्या माणसाला लपायला त्याच्याएवढी बरी जागा अख्ख्या कोकणात नसेल. डोक्यात आलं ते लिवलं.

जुना_फड

थोरलीताईंनी स्वतःच प्रश्नात उत्तर दिलंय, त्यांच्या लक्षात आलेलं नाही. नागड्या माणसाचा विनोद तेव्हा त्यांच्या सासूबाईंना का चालला?

आपल्याकडे चावट बोलणं नवीन आहे काय? तमाशातली गवळण घ्या, बतावणी घ्या. कृष्ण गवळणींची वाट अडवतो तेव्हा मावशी त्याला जे बोलते त्यातलं निम्मं दोन अर्थांचं असतं आणि जत्रेत समोर अख्खं गाव बसलेलं असतं, पोराबाळांसकट. दादा कोंडक्यांनी 'सोंगाड्या' (१९७१) पासून तेच पडद्यावर आणलं. माझे वडील दादांचे भक्त होते, आई नाक मुरडायची, पण जायची. कारण पोराला कळायचा तो अर्थ पोराला कळायचा, मोठ्यांचा मोठ्यांना. दोघे एकाच वाक्यावर हसायचे आणि एकमेकांना काही विचारायची पाळी यायची नाही.

हीच मेख आहे. 'नवसाचा' पहिल्यात नागडेपणा दाखवायची गोष्टच नव्हती, तो लपवायची होती. हसू येतं ते वॅकीच्या, म्हणजे त्यातल्या नवऱ्याच्या, केविलवाण्या अवस्थेचं. नवऱ्याची अब्रू, बायकोची श्रद्धा, आणि मधे एसटीभर माणसं. याउलट 'ग्रँड मस्ती' (२०१३) घ्या. त्याला 'ए' होतं आणि ते बरोबरच होतं. तिथे बाईचं शरीर हाच विनोद. तो बंद दाराआड बघताना मलाच माझी लाज वाटली, पोरांचं जाऊ द्या.

दुसरा भाग नेहमी मूठभर घालतो, हेही खरं नाही. मुन्नाभाईच्या पहिल्या भागात (२००३) हॉस्टेलातलं रॅगिंग आहे, आजारी पोराच्या उशाशी नाचणारी बाई आहे. दुसऱ्यात (२००६) थेट गांधीजी. आजोबांना शेजारी बसवून बघण्याजोगा त्यातला दुसराच.

पोळपाट

जुना_फड यांचं पटतंय, अर्धं.

"चावट नाही म्हणजे स्वच्छ" हे गणित मला कधीच झेपलं नाही. आपले मराठी विनोदी सिनेमे घ्या, नाव कशाला घेऊ, कुठलेही चार घ्या. जाडी बाई आली की ढोलकी वाजणार. काळी मुलगी दाखवायला आली की नवरा मुलगा बेशुद्ध. तोतरा असला की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत पुढचा हसणार. पुरुषाने साडी नेसली की संपलंच. यातल्या एकालाही कुणी "बातम्या लाव" म्हणत नाही.

माझी मुलगी अकरा वर्षांची, रंगाने माझ्यावर गेलीय. गेल्या मे महिन्यात आजोळी सगळे मिळून एक जुना विनोदी सिनेमा बघत होते. असा एक प्रसंग आला, सगळे खो-खो हसले आणि माझ्या मामेभावाने हिच्याकडे बोट दाखवलं. सहज. प्रेमानेच. ती हसली. मग रात्री बेसनाची वाटी घेऊन बाथरूममध्ये. तिथल्या एखाद्या ओझरत्या चुंबनापेक्षा मला हे जास्त लागलं. चुंबनाबद्दल तिने मला विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं.

चहाबाज

मग बघायचं तरी काय ताई? जाडं नको, बारीक नको, चावट नको. सगळंच काढलं तर सिनेमात उरणार फक्त सुरुवातीची तंबाखूची सूचना.

पोळपाट

मी काढा म्हटलंच नाही. सिनेमा निवडताना कुणाकुणाचे चेहरे डोळ्यांपुढे आणायचे, त्यात माझ्या मुलीचाही आणा, एवढंच. तुम्ही आई बरोबर होती म्हणून आईपुरतं बघितलंत.

चहाबाज

हं. खरंय. तंबाखूचं मागे घेतो.

विंचवाचं_बिऱ्हाड

भीतीचं कुणीच बोललं नाही! 'झपाटलेला' (१९९३) हा मराठीतला विनोदी सिनेमा म्हणून आपण पोरांना दाखवतो. लक्ष्याचा आहे, हसू येईल. आणि मग तात्या विंचू. माझ्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राने बाहुल्या माळ्यावर टाकल्या असतील. रामदास पाध्यांचं काम इतकं चोख की त्या बाहुल्याचा डोळा हलला की माझा जीव अजूनही हलतो, आता पंचेचाळिशीत. २०१३ चा दुसरा भाग तर थ्रीडी. तो बाहुला थेट मांडीवर. पुतण्याला नेला, सहा वर्षांचा होता. मध्यंतराला पॉपकॉर्न घेतलं आणि घरी आलो.

दोन आठवडे तो एकटा संडासला गेला नाही. मी दाराबाहेर उभा राहून "आहे रे मी, आहे" असं म्हणत राहायचं, त्याचं होईपर्यंत.

'स्त्री २' च्या वेळी वहिनीने विचारलं, विनोदी आहे ना? म्हटलं, वहिनी, मुंडकं नसलेला माणूस आहे त्यात. नको.

पानगळ

😂 "आहे रे मी, आहे"

उशिरा_उठणारा

मी इथला वयाने सगळ्यात लहान असेन, १९. आमच्या बाजूचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितोय.

काकू, तुमच्या मुलाचे कान लाल झाले ते सीनमुळे नाही. तसले सीन त्याने पाहिलेत, शाळेच्या बसमध्ये पाहिलेत, सोडून द्या. कान लाल होतात ते आजोबांचा श्वास थांबलेला ऐकू येतो म्हणून. हॉल एकदम गप्प होतो ना, पंखासुद्धा जोरात ऐकू येतो, तेव्हा. आमच्याकडे बाबा अशा वेळी घसा खाकरतात. ते खाकरले की मला कळतं, आता दोन मिनिटं छताकडे बघायचं.

एकदा आजीच म्हणाली, "आटपा रे लवकर, पुढची गोष्ट दाखवा." सगळे फुटले. पुढचा सिनेमा मजेत पाहिला.

आणि 'टाइमपास' आला तेव्हा आठ वर्षांचा होतो. चावट बिवट काही कळलं नाही. पण "नया है वह" वर्षभर म्हणत होतो, सरांना पण म्हणालो. आईला शाळेत बोलावलं होतं. आठ वर्षांचं माणूस घरात असेल तर संवादांकडे लक्ष ठेवा, सीनकडे नाही.

डोंबिवलीची_थोरली

@उशिरा_उठणारा, तुझी आजी कुठे भाड्याने मिळेल का?

सगळ्यांचं वाचलं. काल दुपारी चकलीची भाजणी भाजता भाजता मोबाइल कढईपासून हातभर लांब ठेवून अख्खा सिनेमा बघितला. भाजणी थोडी लागली. माझं मत: चावटपणाच्या बाबतीत सासऱ्यांना उठावं लागणार नाही. गाडीत माणसं जरा जास्तच कोंबलीत, जो येतो तो ओरडतो, आणि गाणी लागली की आमचे दीर झोपणार. पहिल्या भागात एसटी होती तेव्हा सगळे एकमेकांच्या अंगावर होते, ती गंमत रेल्वेच्या डब्यात सैल पडते. तरी अशोक सराफ आले की मी कढई विसरते, तो माझा दोष.

@पोळपाट, तुमचं वाचून माझ्या जावेचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. ती अंगाने भरलेली आहे आणि दरवेळी "बघा, माझी एन्ट्री" म्हणून स्वतःच आधी हसून घेते. ते मला वीस वर्षांत दिसलं नव्हतं. यंदा तिला सोफ्यावर माझ्या शेजारी घेणार. दीर काही बोललाच तर मी आहे.

लावते.

मधलं_पान

कळवा हं.

कागदी_घोडा

सर्टिफिकेट वाचा!

डोंबिवलीची_थोरली

झाली भाऊबीज. उशिरा लिहितेय, फराळाचे डबे परत करण्यात आठवडा गेला.

सर्टिफिकेट मुलीने मोठ्याने वाचून दाखवलं, घोडेसाहेब. दीर पहिल्याच गाण्याला घोरले, त्यामुळे जावेबद्दल कुणी काही बोलायचा प्रश्नच मिटला. मुलगा सोफ्याच्या मागे खुर्ची टाकून बसला, पाठ आमच्याकडे नाही आणि तोंडही नाही, अशी काहीतरी जागा त्याने शोधली होती. पण दोनदा हसलेला ऐकला मी. सासूबाई पहिल्यासारख्या हसल्या नाहीत. अशोक सराफांकडे बघून म्हणाल्या, "हा पण म्हातारा झाला गं." मग बराच वेळ गप्प.

आणि मग "बातम्या लाव" झालंच. पण भलत्याच जागी.

मुलीने विचारलं, "आजी, नवस म्हणजे काय?" आजीने सांगितलं, देवाला काहीतरी कबूल करायचं, काम झालं की द्यायचं. मुलीचा पुढचा प्रश्न, "आणि नाही दिलं तर?" सासूबाई काही बोलल्या नाहीत, सासऱ्यांकडे बघितलं फक्त. तेवढ्यात सासरे म्हणाले, "जरा बातम्या लाव रे."

पडद्यावर काहीसुद्धा नव्हतं हो. गाडी चालली होती, एवढंच.

नणंदेने टीव्हीचा आवाज बंद केला आणि आईला धरलं, सांग म्हणून. तर बाहेर आलं ते असं की माझा नवरा पाच वर्षांचा असताना त्याला टायफॉइड झाला होता, चौदा दिवस ताप उतरेना. तेव्हा सासूबाई कोल्हापूरच्या अंबाबाईला बोलल्या होत्या की पोरगं उठू दे, याच्या वजनाइतका गूळ वाहीन. तेव्हा सोळा किलोचा होता. सासरे म्हणाले, पगार झाला की करू. मग बदली झाली, मग नणंद झाली, मग घराचा हप्ता. सासूबाईंनी दरवर्षी एकदा आठवण केली आणि त्यांनी दरवर्षी "पुढच्या महिन्यात" म्हटलं. त्रेचाळीस वर्षं.

नवरा माझा आज ९१ किलो आहे.

आधी मुलगी हसली, मग मुलगा खुर्ची वळवून आमच्यात आला, मग सासरेच एवढे हसले की त्यांना ठसका लागला. दीर जागे होऊन विचारताहेत, "काय झालं, संपला का?" सिनेमा तिथेच थांबला तो थांबलाच. शेवट अजून नऊपैकी आठ जणांनी पाहिलेला नाही.

रत्नांग्रीकर

बघा! नवसाला एसटीच लागते शेवटी.

जुना_फड

कोल्हापूरला गूळ वाहायला न्यायचा म्हणजे समुद्राला मीठ. तिथेच घ्या. दहा किलोचे नऊ रवे आणि वर एक किलोची ढेप.

चहाबाज

साठ रुपये किलो धरला तर पाच हजार चारशे साठ. पगार झाला की करू म्हणावं.

डोंबिवलीची_थोरली

नवऱ्याने कालपासून रात्रीचा भात सोडलाय. सासूबाई म्हणतात, तसली चलाखी देवीला चालत नाही, दिवाळीच्या दिवशीचं वजन धरायचं.